मुद्देमाल

निकाल लागला त्याच्या तिसऱ्या दिवशी
दिगंबर इंगळे दुकानात आला, दौलतगंजात,
भर दुपारी, गिऱ्हाईक नसतं ती वेळ धरून.
काखेत काठी. काठीला सुतळीनं बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल,
लाखेचा अर्धा ठिपका, आणि कुणा मुन्शीच्या गिचमिड हिंदीत :
वस्तु क्रमांक चार.

'कोर्टानं परत दिली,' म्हणाला. 'ग्रिप बदलून दे.'

सात वर्षं मालखान्यात पडून
तुतीचं लाकूड सुकलं होतं. वजन उतरलं होतं,
माणसाचंही.
याच काठीनं त्यानं एकदा भोपाळच्या तिघांना वळसा घालून
चेंडू असा नेला होता
जसं कुणी झोपलेलं पोर
एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतं.
मी ओरडून घसा बसवून घेतला होता.
दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना भाव बोटांनी सांगितले.

मग ते हॉस्टेल, तो जिना,
मेसमध्ये पोळ्या लाटणारा बाबूलाल कुशवाह,
वय एकोणीस, पहाटे पायऱ्यांखाली सापडला.
तिघांवर केस. साक्षीदार सहा :
दोघे फिरले, एक वारला,
एकाला अंधारात नीट दिसलं नव्हतं,
उरलेल्यांचं एकमेकांशी जुळेना.
जजसाहेब म्हणाले, संशयाचा फायदा.

फायदा म्हटलं की आमच्या बाजारातला माणूस
आधी विचारतो : किती? कुणाला?

नई सडकेवरचा चहावाला म्हणाला, पैसा चारला.
गजकवाला म्हणाला, वरून फोन आला.
मुळे सरांनी एके काळी स्वतःच्या हातानं त्याला शाल पांघरली होती.
ते म्हणाले, 'निर्दोष वेगळं, सुटला वेगळं,'
आणि खडू झटकावा तसे हात झटकले.
काहींनी शपथेवर सांगितलं,
असा सेंटर हाफ माणूस मारूच शकत नाही.
जसं काही अचूक पास हा पुरावा असतो.

बाबूलालची आई काही म्हणाली नाही.
ती शिंदे की छावनीत चार घरची भांडी घासते.
तिला निकाल कुणी समजावून सांगितला का,
मी विचारलेलं नाही.

मी सुतळी कापली. लेबल कुठं टाकावं कळेना,
गल्ल्यात ठेवलं.
जुनी पट्टी उलगडत गेलो, घामानं काळी, वेढ्यामागून वेढा,
आणि शेवटच्या वेढ्याखाली
चवलीएवढा तपकिरी डाग.
तेल असेल.
जवसाचं तेल लाकडात मुरलं की असंच दिसतं.
तीस वर्षं काठ्यांना हात लावतोय, मला कळायला हवं.
कळलं नाही.

मी वर पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता,
किंवा बघत नव्हता, तोंड तिकडे होतं इतकंच.

नवी पट्टी घट्ट ओढून गुंडाळली.
डाग झाकला गेला.
हे त्याच्यासाठी केलं, की बाबूलालच्या विरुद्ध,
की ग्रिप अशीच गुंडाळतात म्हणून,
सांगता येत नाही.

'किती?'
'बारा.'
त्यानं वीसची नोट माझ्या हातात दिली.
मी आठ रुपये मोजले
आणि फळीवर ठेवले,
त्यानं पुढं केलेल्या हाताशेजारी.

हात तसाच राहिला थोडा वेळ. मोठा, उताणा.
मग त्यानं एकेक नाणं उचललं.

माझे आजोबा सरदारांच्या घोड्यांची खोगिरं शिवायचे.
अख्ख्या लष्करात असं टाक्याचं काम नाही, म्हणायचे लोक.
मजुरी मात्र वरून पडायची, उंबऱ्यावर,
बोट लागू नये म्हणून.
दुकान उघडलं त्या सकाळी बापानं मला एवढंच सांगितलं :
पैसे हातात घे. हातात दे.

तो गेला, काठी काखेत,
मैदान असतं त्याच्या उलट्या दिशेनं.
मी हाक मारली नाही. मारून काय म्हणणार होतो?

लेबल अजून गल्ल्यात आहे.
सुटे काढताना
हाताला लागतं.